पाच किलोमीटर जमतात, सातव्याला पाय अडतो: पुन्हा पुन्हा येणारा बिघाड कसा शोधायचा

नवशिक्यांचा धावण्याचा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम ६० सेकंद धावा, ९० सेकंद चाला इथून सुरू होतो आणि सलग ३० मिनिटांवर संपतो. तो पुरा केला की पुढचे तीन-चार आठवडे झकास जातात. मग एखाद्या रविवारी अंतर सहा-सातच्या पुढे जातं आणि नडगी ठणकायला लागते, नाहीतर चौथ्या किलोमीटरलाच छातीचा भाता होतो. पंधरा दिवस विश्रांती, दुखणं गायब, पुन्हा सात किलोमीटर, पुन्हा तीच नडगी. असे तीन फेरे झाले की माणूस म्हणतो, आपलं शरीर धावायचं नाहीच. शरीरात बहुतेक वेळा काही खोट नसते, हिशेबात असते.

लक्षणं

तुमचं कुठलं ते आधी ठरवा.

- पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्येच धाप लागते आणि मग चालावं लागतं.
- नडगीच्या आतल्या कडेला लांबट पट्ट्यात दुखतं. सुरुवातीला जास्त, अंग तापल्यावर कमी, घरी आल्यावर पुन्हा जास्त.
- सकाळी खाटेवरून उतरताना पहिल्या पावलाला टाच टोचते, दहा-वीस पावलांनी सुटते.
- जिना किंवा उतार उतरताना गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं.
- गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येते, आणि दर वेळी साधारण त्याच अंतरावर येते.
- बरगडीखाली कुशीत कळ भरते.
- अंतर तेच, वेग तोच, पण दर आठवड्याला जास्त जड जातं आणि दुपारी कामावर डोळे मिटतात.

छातीत दुखणं, धावताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, हाडावर एकाच टिंबावर दुखणं किंवा एकाच पोटरीला सूज, यातलं काही असेल तर मधलं सगळं सोडून थेट शेवटचा भाग वाचा.

एक गोष्ट पुढच्या सगळ्या तपासण्यांच्या मुळाशी आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, स्नायू त्यांच्या मागोमाग येतात, पण हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) यांना महिने लागतात. ताण पडला की हाड आधी झिजलेला भाग काढून टाकतं आणि मग नवा भरतं. काढायला काही आठवडे पुरतात, भरायला काही महिने. म्हणजे कार्यक्रम संपतो तेव्हा इंजिन ट्रॅक्टरचं झालेलं असतं आणि चाकं अजून बैलगाडीची असतात. दम आहे म्हणून अंतर वाढवलं की चाक बोलतं.

पहिली तपासणी: वेग (खर्च शून्य)

धावताना मोठ्याने एक पूर्ण वाक्य म्हणा. ‘उद्या सकाळी सहाला दुसऱ्या गेटजवळ भेटू, येताना पाण्याची बाटली आण’ एवढं मध्ये धाप न घेता म्हणता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे, मग घड्याळ काहीही म्हणो.

आकड्यात सांगायचं तर, जीव तोडून ५ किलोमीटर ३२ मिनिटांत होत असतील तर तो किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंदांचा वेग झाला. रोजची धाव त्यापेक्षा किलोमीटरला मिनिट-दीड मिनिट सावकाश हवी, म्हणजे साडेसात ते आठ मिनिटं. हा वेग लाज वाटण्याइतका हळू असतो. शेजारून झपाझप चालणारे आजोबा ‘काय ओ, दमलासा काय?’ विचारून पुढे जातात. जाऊ द्यात.

इथे आपल्या बेळगाव भागातली एक खास अडचण आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, आणि आसपासच्या गावांत सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं पहाटे मैदानावर. त्यांची तयारी १६०० मीटरची, कमी वेळात जीव काढायची. त्यांच्या मागे दोन फेऱ्या मारल्या की आपली रविवारची धाव तिथेच संपली. त्यांचं बरोबर आहे, आपलं त्यांच्या मागे लागणं चूक आहे.

आणि हो, बेळगाव उंचावर आहे म्हणून दम लागतो असं सांगणारे भेटतात. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. एवढ्या उंचीने धावणाऱ्याला जाणवण्यासारखा फरक पडत नाही. दम लागतो तो वेगाने.

दोन आठवडे सगळ्या धावा या बोलण्याच्या वेगाने करून बघा. धापेची तक्रार बहुतेकांची इथेच सुटते, आणि नडगीचीही थोडी कमी होते.

दुसरी तपासणी: वहीतला हिशेब

सगळ्यात जास्त बिघाड इथे सापडतो, म्हणून जरा सविस्तर.

कार्यक्रम ३० मिनिटांवर संपतो, ५ किलोमीटरवर नाही. किलोमीटरला ८ मिनिटांनी ३० मिनिटांत पावणेचार किलोमीटर होतात. आपण ‘पाच करतो’ असं धरून सातवर उडी मारली तर ती दीडपट नसते, जवळजवळ दुप्पट असते. म्हणून पहिले चार महिने अंतर विसरा आणि मिनिटं मोजा. हाडाला किलोमीटर कळत नाहीत, पावलं कळतात, आणि बोलण्याच्या वेगाने पावलांचा हिशेब मिनिटांनी नीट लागतो.

वहीत गेल्या सहा आठवड्यांची एकेका आठवड्याची बेरीज लिहा. एका रविवारची नव्हे, पूर्ण आठवड्याची. मग बघा, कुठल्या आठवड्यात बेरीज एकदम चढली आहे. दुखणं त्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी आलेलं दिसेल. माणूस मात्र ज्या दिवशी दुखलं त्या दिवसाला दोष देतो.

आठवड्यातून तीनच दिवस धावा, मध्ये किमान एक दिवस मोकळा. सुरुवात ३०, ३० आणि ३० मिनिटांची, म्हणजे ९० मिनिटं. पुढे वाढ आठवड्याला पाच मिनिटं आणि तीही शक्यतो एकाच धावेत. पहिला आठवडा ३०-३०-३५, दुसरा ३०-३०-४०, तिसरा ३०-३५-४०. चौथ्यात उतरायचं: २५-२५-३०. पाचव्यापासून ३०-३५-४५, ३०-३५-५०, ३०-४०-५०, आणि आठव्यात पुन्हा उतार २५-३०-४०. नववा ३०-४०-५५, मग दहाव्या-अकराव्यात लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव, ६० आणि ६५. बाराव्यात उतार २५-३०-५०. तेरावा ३५-४०-६५, चौदावा ३५-४०-७०, पंधरावा ३५-४०-७५. सोळाव्यात मधल्या दोन धावा २५ आणि ३० मिनिटांच्या ठेवून रविवारी ८० मिनिटं. आठच्या वेगाने हे बरोबर १० किलोमीटर होतात.

दर चौथ्या आठवड्याचा उतार लोक सर्वांत आधी गाळतात, कारण तेव्हा अंगात जोर असतो. पण हाड भरून निघायला सवड मिळते ती याच आठवड्यात. एखादा आठवडा चुकला, लग्नसराई आली, तर मागच्या आठवड्यावरून पुढे चला. दोन आठवडे किंवा जास्त खंड पडला तर निम्म्या मिनिटांपासून. चुकलेल्या धावा पुढच्या आठवड्यात भरून काढणं हा नडगी दुखवून घ्यायचा खात्रीचा मार्ग.

मोजमापही तपासा. झाडीत किंवा दाट गल्लीत फोन अंतर थोडंफार चुकवतो. मैदानावर धावत असाल तर ४०० मीटर ही आतल्या लेनची फेरी असते. आठव्या लेनमध्ये एक फेरी साधारण ४५० मीटरची होते. तिथे २० फेऱ्या मारून ‘आठ किलोमीटर झाले’ म्हणणारा प्रत्यक्षात नऊ धावलेला असतो. आणि एकाच दिशेने फिरत राहू नका, निम्म्या फेऱ्या उलट घ्या, नाहीतर वळणावर एकाच पायावर जास्त भार येत राहतो.

तिसरी तपासणी: पोट, पाणी, झोप

कुशीतली कळ बहुधा भरल्या पोटाची किंवा धावायच्या ऐन आधी ढोसलेल्या पाण्या-चहाची असते. पोहे-उप्पीट खायचं तर दीड-दोन तास आधी. पहाटे तेवढा वेळ नसतो, तर अर्धा-पाऊण तास आधी एक केळं पुरतं. कळ आली तर वेग कमी करा, दुखत्या जागी हाताने दाबा, श्वास पूर्ण बाहेर सोडा.

तासाभराच्या आतल्या धावेत वाटेत पाणी लागतंच असं नाही. तासाच्या वर जाणार असाल तर २५०-३०० मिली बरोबर ठेवा. एप्रिल-मेमध्ये अथणी, रायबागकडे हे आकडे वाढवावे लागतील आणि सातच्या आत घरी यावं लागेल. परतल्यावर चिमूटभर मीठ घातलेलं लिंबू सरबत उत्तम. ओआरएस घेतलंत तर पाकिटावर लिहिलेल्या पाण्यातच पूर्ण पाकीट कालवा, पेल्यात अंदाजाने नको.

एकादशीचा उपास आणि लाँग रन एकाच दिवशी ठेवू नका. शनिवारी रात्री बारापर्यंत जागरण आणि रविवारी पहाटे पाचला ६५ मिनिटं, हेही त्याच जातीचं.

चौथी तपासणी: रस्ता

दुखणं एकाच पायाला आहे? मग बुटाआधी रस्त्याकडे बघा.

डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून आपण उजव्या कडेने धावतो, आणि ते बरोबरच आहे, पण मग उजवं पाऊल कायम खालच्या पातळीवर पडतं. गुडघ्याच्या बाहेरची कळ आणि कमरेचा एका बाजूचा ताठरपणा यामागे हे बरेचदा असतं. उपाय म्हणून डाव्या कडेने, पाठीमागून येणाऱ्या वाहनांच्या तोंडी धावू नका. रस्ताच बदला. तिन्हीपैकी किमान एक धाव सपाट मातीवर आणा. बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोचं झाडीतलं आवार आहे, कॅम्पातले कमी रहदारीचे रस्ते आहेत, खेड्यात शाळेचं मैदान आहे. नवे काँक्रीटचे रस्ते दिसायला गुळगुळीत असतात, पण डांबरापेक्षाही कडक, आणि नडगी नाजूक असताना तर नकोच.

मातीचाही प्रकार बघावा लागतो. पश्चिमेकडे, खानापूर-जांबोटीच्या अंगाला लाल माती आणि जांभा. उन्हाळ्यात पायाला छान, पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ चढतं आणि बांधावरून पाय सटकतो. पूर्वेकडे काळी जमीन. पावसात बुटाला किलोभर चिखल चिकटतो आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात घोटा मुरगळतो. त्या दिवसांत शेतवाटेपेक्षा गावाबाहेरचा कमी वापरातला डांबरी रस्ता बरा.

येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ मोहात पाडतो. चढायला हरकत नाही, चालत चढा. उतरताना मात्र पहिले तीन-चार महिने धावत येऊ नका. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावतो, आणि वाटीचं दुखणं तिथून सुरू होतं.

चिकोडी, निपाणी, रायबाग पट्ट्यात हिवाळ्यात आणखी एक: उसाच्या जोड ट्रॉल्या. पहाटे अंधारात त्यांना मागचा दिवा असेलच असं नाही, आणि ट्रॉलीबाहेर आलेला ऊस चालकाला दिसत नाही. गळीत हंगामात मुख्य रस्ता सोडाच, आणि अंगात चमकणारी पट्टी असलेलं जाकीट घाला. राष्ट्रीय महामार्गाच्या कडेने कधीच नको.

पाचवी तपासणी: पायाची ताकद

पायरी आणि भिंत एवढंच लागतं.

पायरीच्या कडेवर एका पायाच्या चवड्यावर उभे राहा, गुडघा ताठ, आधाराला भिंतीवर एक बोट. टाच पूर्ण वर, मग सावकाश खाली. सलग २० वेळा जमतं? दोन्ही पायांत पाचापेक्षा जास्त फरक आहे? बाराव्याला थरथर सुटली तर नडगीवर भार का येतो ते कळलं. पोटरी थकली की पाऊल आपटायला लागतं आणि ताण हाडावर जातो.

मग भिंतीकडे तोंड करून अंगठा भिंतीपासून १० सेंटीमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागत नसेल तर घोटा आखडलेला आहे.

इलाज एकच आणि कंटाळवाणा: आठवड्यातून तीनदा टाच उचलणे १२ चे तीन संच, आधी दोन्ही पायांनी, मग एका. पाठ भिंतीला टेकून चवडे वर उचलणे १५ चे तीन. पोटरीचा ताण ३० सेकंद, तीनदा. परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे. टाच टोचत असेल तर खाटेवरून उतरण्याआधी पायाची बोटं हाताने मागे ओढून धरा, आणि घरातल्या कडप्प्याच्या फरशीवर अनवाणी फिरू नका. घरात चप्पल घातलेली आईला चालत नसेल तर एक जोड फक्त घरासाठी वेगळी ठेवा.

गुडघ्यासाठी पावलंही मोजा. ३० सेकंदांत उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजून चारने गुणा. १५२ आलं तर वेग तोच ठेवून १६० पर्यंत न्या. पाऊल आखूड होतं, ते शरीराखाली पडतं आणि गुडघ्यावरचा धक्का कमी होतो.

सहावी तपासणी: बूट

लोक इथूनच सुरुवात करतात, म्हणून मुद्दाम सहाव्या क्रमांकावर. वरचं सगळं न तपासता नवे बूट घेतले तर तीच नडगी नव्या बुटात दुखते.

जुने बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला कललेली आहे का? बाजूच्या फोमवर आडव्या सुरकुत्या पडून तो अंगठ्याने दाबला तरी परत येत नाही? मग गादी गेली. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरला ती जातेच. आठवड्याला १८ किलोमीटर धरले तर साडेसहा ते दहा महिने. तेच बूट दिवसभर बाजारात घालत असाल तर आधीच.

घेताना संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. धावायचे मोजे घालून मापा, पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. शाळेचे कॅनव्हास किंवा क्रिकेटचे बूट यासाठी नाहीत. महागड्याची गरज नाही, अडीच-तीन हजारांपासून चालण्यासारखे मिळतात. पावसाळ्यात ओले बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नका, डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला.

सातवी तपासणी: रक्त

हे फक्त शेवटच्या लक्षणासाठी, म्हणजे सगळं बरोबर असूनही थकवा वाढतच असेल तर. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड. बायकांनी आणि शाकाहारी मंडळींनी हे टाळू नये. हिमोग्लोबिन बाईचं १२ च्या आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. मेडिकलवाल्याला विचारून लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. लोह कमी का झालं हा प्रश्न त्यात दडपला जातो.

इथे थांबा, डॉक्टरकडे जा

दुखण्याला दहापैकी गुण दिले तर ते तीनपर्यंत आणि दुसऱ्या सकाळी गायब असेल तर धाव चालू ठेवता येते. त्याच्या वर, किंवा लंगडावं लागत असेल, तर त्याच क्षणी चालत घरी या.

नडगीसाठी अंगठ्याची चाचणी करा. आतल्या कडेवरून घोट्यापासून वर हळूहळू दाबत या. पाचेक सेंटीमीटर किंवा जास्त लांबीत सगळीकडे थोडं थोडं दुखत असेल तर शिन स्प्लिंट, म्हणजे जास्त भाराने आलेली नडगीची ठणक. वरच्या दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या तपासणीने ते सुटतं. पण एकाच टिंबावर अंगठा पडताच पाय मागे ओढला जात असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. धावणं पूर्ण बंद, अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्सरेत दिसत नाही असं पुष्कळदा होतं, त्यामुळे ‘एक्सरे साफ आहे’ म्हणून पुन्हा धावू नका. एमआरआयची गरज आहे का ते विचारा. तोवर चोळणं, तेल लावून हाड बसवून घेणं अजिबात नको.

गुडघा सुजला, अडकला किंवा निसटल्यासारखा वाटला तरीही अस्थिरोगतज्ज्ञच. बाकीचं दुखणं तीन आठवडे अंतर निम्मं करूनही हललं नाही तर फिजिओथेरपिस्ट. दुखणं दाबायची गोळी खाऊन धावायला जाऊ नका. इशारा बंद होतो, आणि घामाने पाणी कमी झालेलं असताना त्यातल्या काही गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात.

छातीत दाब, तो डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, धावता धावता शुद्ध हरपणं, उन्हात धावल्यावर असंबद्ध बोलणं: १०८ ला फोन. ऊन लागलेल्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला, पण शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली असेल तर त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर नाही. आणि वय चाळिशीच्या पुढे, रक्तदाब, साखर किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल तर अंतर वाढवण्याआधीच एकदा तपासून घ्या.

जाताना ती बेरजेची वही आणि पायातले जुने बूट, दोन्ही पिशवीत घालून न्या.